मांडीखाली हात

"दुखलं की डावा हात वर करायचा. नुसता वर. मी लगेच थांबते. कळलं?"

त्या दिवशी सकाळपासून हे मी तीसेक वेळा तरी म्हटलं असेल. पोरं शहाण्यासारखी मान हलवायची आणि मशीनचा नुसता आवाज आला की दोन्ही हात वर, दोन्ही पाय वर, आणि वरून "आई गं, मेलो गं!" अजून मी तोंडात बोटसुद्धा घातलेलं नसायचं. आमच्या हलीमाताई, म्हणजे व्हॅनवरच्या मदतनीस, हसून बेजार व्हायच्या. "मॅडम, तुम्ही हात वर करा म्हनताय तिथंच चुकतंय. ही पोरं ध्वजवंदनाला उभी राहिल्यागत हात वर करत्यात."

एकोणीस वर्षं झाली. माझा स्वतःचा दवाखाना आहे आता, जयसिंगपूरला. अजूनही खुर्चीत मूल बसलं की मी आधी तोंड बघत नाही. हात कुठे आहेत ते बघते.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची, दंत महाविद्यालयात पदव्युत्तरच्या दुसऱ्या वर्षाला, आणि प्रबंधाच्या नावानं डोक्यावर टांगती तलवार. कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या आवारात कॉलेजची दाताची व्हॅन उभी असायची. शेजारी पत्र्याची लांबलचक शेड, ती साखरशाळा. बीडकडून ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांची पोरं तिथं शिकायची. शिकायची म्हणजे काय, बाई फळ्यावर लिहायच्या आणि पोरं ऊस चघळत बसायची. ज्याच्या तोंडात बघावं त्याच्या दाढेत काळी रेघ.

सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवीन दाढ येते. कुणाला पत्ता नसतो. काही पडलेलं नसतं, हललेलं नसतं, त्यामुळे आयांना वाटतं हीपण दुधाचीच, पडेल कधीतरी. पण ती जन्माची दाढ असते. तिच्या खाचांत कीड लागायला लागली की करायचं काय, हा माझ्या प्रबंधाचा विषय. एक जुना मार्ग, मशीननं कोरायचं आणि सिमेंट भरायचं. म्हणजे भरणी. दुसरा नवा, कोरायचंच नाही. दाढ घासून, सुकवून, खाचांवर पातळ द्रव सोडायचा, निळा उजेड दाखवून कडक करायचा. आतल्या किडीला वरून काही मिळत नाही, ती बसते उपाशी. म्हणजे सील.

प्रबंधाचे माझे मार्गदर्शक उपाध्ये सर, त्यांचा सीलवर विश्वास होता. मी म्हटलं, "मग सगळ्यांना सीलच करूया की सर." सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "विश्वासानं प्रबंध होत नाही, वृषाली. चिठ्ठ्या टाक."

तर चिठ्ठ्या. सारखीच कीड असलेली दोन मुलं घ्यायची, एक जोडी. प्रत्येकाच्या नावाचं बंद पाकीट. आत लिहिलेलं, सील किंवा भरणी. पाकिटात निघेल तेच करायचं. दर वर्षी दसऱ्यानंतर त्याच टोळ्या त्याच कारखान्यावर येतात, तेव्हा वर्षानं परत बघायचं, कुणाची दाढ टिकली. आणि एक कडक नियम. पाकिटात एक आणि दाढेत दुसरं झालं, तर तसं लिहायचं आणि ती जोडी बाद. मला चाळीस जोड्या हव्या होत्या. आधीचे दिवस धरून त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत अडतीस झाल्या होत्या.

एकोणचाळिसावी जोडी म्हणजे दोघी सख्ख्या बहिणी. द्वारका अकरा वर्षांची, सोजर आठची. सानप आडनाव. संमतीच्या कागदावर अंगठा द्यायला त्यांची आई आली होती, सत्यभामाबाई. कोयता कमरेला, डोक्याला फडकं गुंडाळलेलं.

"दुधाचीच हाय ना डॉक्टरीनबाई ती? पडंल की."

"नाही हो. ही गेली की गेली. परत यायची नाही."

"आसं व्हय?" तिनं दोघींकडे असं बघितलं, जणू पोरींनी ही गोष्ट घरात लपवून ठेवली होती. "म्या फडात चालले. गाडी भरायचीय. ये द्वारके, धाकलीला बघ. आन् रडायचं न्हाई कुनी. डॉक्टरीनबाईंना तरास द्यायचा न्हाई."

द्वारकानं मान हलवली. आई गेली आणि दोघी खुर्चीजवळ उभ्या राहिल्या.

आधी सोजर. हलीमाताईंनी पाकीट फोडलं. भरणी. मी मशीन हातात घेतलं मात्र, पोरगी खुर्चीवरून खाली! बहिणीच्या कमरेला असा विळखा घातला की सुटता सुटेना. ओरडली, थुंकली, माझ्या मनगटाला चावली. गोळी दाखवून झाली, बाहुली दाखवून झाली, रागावून झालं. वीस मिनिटं गेली. बाहेर पंचवीस पोरं रांगेत, आणि ही आतली किंकाळी ऐकून त्यातली निम्मी गळा काढायच्या बेतात.

"मॅडम, हिला सोडा," हलीमाताई म्हणाल्या. "दुसरी जोडी बघू."

दुसरी जोडी बघायची म्हणजे सारखी कीड असलेली अजून दोन मुलं शोधायची. व्हॅन संध्याकाळी परत जाणार होती. मी घामाघूम झाले होते आणि, खरं सांगते, त्या पोरीचा मला रागही आला होता.

तेव्हा द्वारका पहिल्यांदा बोलली.

"मह्या चिठ्ठीत काय हाय?"

हलीमाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, फोडा. सील.

"त्यात ते गुरगुर करनारं असतंय का?"

"नाही बाळा. त्यात नुसतं औषध लावायचं."

"मंग मही चिठ्ठी तिला द्या. तिची मला द्या." आणि मग, मला पटवायला म्हणून, "म्या रडत न्हाई."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. सर चिंचेखाली कारखान्याच्या कुणा अधिकाऱ्याशी बोलत होते, पाठ इकडे. दोन्ही दाढा सारख्याच तर होत्या. दोन रेघा, दोन बहिणी. कोणाला काय केलं यानं काय बिघडतंय?

"बदला," मी म्हटलं.

हलीमाताईंनी पाकिटं बदलली आणि नावं नव्यानं घातली. "मी काय बघितलं न्हाई हां मॅडम," एवढंच म्हणाल्या. हसूनच म्हणाल्या.

सोजरचं सील दहा मिनिटांत झालं. निळा उजेड बघून तर ती खूशच झाली. आणखी दाखवा म्हणाली!

मग द्वारका चढून बसली. नीट मागे टेकली, तोंड उघडलं. मी माझं वाक्य म्हटलं, दुखलं की डावा हात वर. तिनं मान हलवली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

हे मी बघितलं. आज कुणी विचारलं तर मी शपथेवर सांगेन की मी हे बघितलं होतं. मला वाटलं रेक्झिन गार लागत असेल, डिसेंबर होता. छे, तेही वाटलं नाही. मला वाटलं, बरं झालं, ही तरी हात मध्ये आणत नाही.

वरवरच्या किडीला भुलीची सुई द्यायची गरज नसते. मूल सांगतं. कोरत जायचं, मुलाचा पाय हलला, बोट वर आलं, डोळा बारीक झाला की कळतं, थांबायची वेळ आली. आमचा अर्धा अंदाज मशीनवर नसतो, मुलाच्या अंगावर असतो. द्वारकाचं अंग हललं नाही. डोळे उघडे, वरच्या दिव्याकडे. मी कोरत गेले. कीड दिसली त्यापेक्षा खोल होती, मी तिच्या मागे मागे गेले.

"बघा गं बाहेरच्यांनो," हलीमाताई दारातून रांगेला म्हणाल्या, "पोर कशी असावी! हूं की चूं न्हाई."

"शाब्बास," मीही म्हटलं. "किती शहाणी मुलगी!"

आणि कापसानं पुसलं तर खड्ड्याच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढा गुलाबी ठिपका. दाढेची नस उघडी पडली होती. तिथवर मशीन जाताना मोठी माणसं खुर्ची सोडून पळतात.

मी वाकून विचारलं, "द्वारका, दुखलं का गं?"

तिनं तोंडातला बोळा सांभाळत मान हलवली. नाही.

पुढं काय करायचं हे मला नीट माहीत होतं. सरांना हाक मारायची. सुई द्यायची, नसेचा इलाज करायचा, नाहीतर तिला कॉलेजला न्यायचं. सर अगदी चिंचेखाली होते, वीस पावलांवर. पण सर आत येणार, कार्ड मागणार, पाकीट बघणार. सरांची नजर मला ठाऊक होती. एक जोडी बाद झाली असती ते सोडा. एकात फसवलंस तर अडतिसांत कशावरून नाही, असं त्यांनी विचारलं असतं, आणि त्याला मी काय उत्तर देणार होते?

मी ठिपक्यावर औषध ठेवलं, वर सिमेंट भरलं, घासून गुळगुळीत केलं. हे अगदीच अडाणीपणाचं नव्हे. अशा कितीतरी दाढा तरून जातात. पण त्यांच्यावर डोळा ठेवावा लागतो, कुणाला तरी सांगून ठेवावं लागतं. मी कुणालाच सांगितलं नाही. चार गोळ्या पुडीत बांधून दिल्या.

"दुखायला लागलं तर शाळेतल्या बाईंना सांगायचं. त्या मला फोन करतील. सांगशील ना?"

"हो."

चूळ भरली तर पाण्यात रक्ताचा बारीक दोरा आला. तिनं तो बघितला, तोंड पुसलं आणि धाकटीचा हात धरून उतरली. पायरीवर सोजर तिला विचारत होती, "आक्का, लई दुखलं?" उत्तर मला ऐकू आलं नाही. कार्डावर 'तक्रार' म्हणून एक रकाना असतो. मी लिहिलं, नाही.

त्यानंतर महिनाभर फोन वाजला की मी पहिल्याच घंटेला उचलायची. फोन आला नाही. मग हंगाम संपला, टोळ्या गावाकडे गेल्या आणि मी स्वतःला समजावलं की दाढ तरली. नाहीतर पोरीनं सांगितलं नसतं का?

पुढच्या डिसेंबरला व्हॅन पुन्हा त्याच चिंचेजवळ लागली. हलीमाताई यादी वाचत होत्या. पोरं वर्षभरात उंच झाली होती, एकेक येऊन बसत होतं. सील टिकलेली, भरण्या टिकलेल्या. प्रबंध झकास चालला होता.

"सानप द्वारका."

कुणी आलं नाही. हलीमाताईंनी परत पुकारलं. शाळेच्या बाई दारापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "मॅडम, ती नाही. उन्हाळ्यातच वारली. धाकटी आलीय."

मी हातमोजे काढले, कुणाला काही न सांगता उतरले आणि कोप्यांच्या वस्तीकडे चालत सुटले. पाचटाच्या झोपड्या सगळ्या सारख्या, दोनदा चुकले. सत्यभामाबाई ओली बाळंतीण होती, म्हणून फडात गेली नव्हती. मांडीवर महिन्याचं पोर. मला बघून लगबगीनं पोतं अंथरलं.

"बसा, डॉक्टरीनबाई. च्या करते."

"चहा नको. द्वारका..."

"व्हय." तिनं पोराचं टोपडं सारखं केलं. "चैतात गेली. गाल सुजला व्हता. म्या म्हनलं, गांधीलमाशी चावली आसंल. हळद लावली. काय बोललीच न्हाई हो पोरगी. पानी भरीत व्हती, भाकरी थापीत व्हती. तिसऱ्या दिशी गळ्यापतुर सूज आली, पानी गिळंना, तव्हा कळलं. जिपीत घालून बीडला नेली. उशीर केला म्हनले."

"कशानं म्हणाले?"

"एक डॉक्टर म्हनला, दाढंचं इख पसरलं." ती माझ्याकडे बघून जराशी हसली, वेड्यासारखं कुणी काही बोललं की आपण हसतो तसं. "दाढंनं कुनी मरतंय व्हय, बाई? आन् तिची दाढ तर तुमी भरून दिली व्हती. चांगली झाली व्हती की. म्या तसं सांगितलं बी त्याला. म्हनलं, मोठ्या कालेजच्या डॉक्टरीनबाईनं केलीय."

मला तिथंच सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. दुसऱ्या डॉक्टरपुढं या बाईनं माझी बाजू घेतली होती, आपल्या मरणाऱ्या पोरीच्या उशाशी उभं राहून. बाळ रडायला लागलं, तिनं ते पदराखाली घेतलं.

"शेवटाला सुदिक रडली न्हाई," ती म्हणाली. "तशी गुनाची व्हती."

मी परत आले तेव्हा सोजर खुर्चीत बसलेली होती. नऊ वर्षांची. केसांना लाल रिबीन. गेल्या वर्षी माझ्या मनगटाला चावलेली हीच का, असा प्रश्न पडावा इतकी गप्प. तोंड आपणहून उघडलं. मी आरसा घातला. सील जसंच्या तसं होतं, कड कुठे उचललेली नाही, खाली रेघ होती तेवढीच. इतकं सुंदर काम मी त्यानंतरही फार वेळा केलं नसेल. ती द्वारकाची चिठ्ठी होती.

"दुखतं का कधी?"

तिनं मान हलवली. नाही.

तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. दोन्ही हात मांड्यांखाली, मनगटापर्यंत दाबून घेतलेले.

"हात असे का ठेवलेस गं?"

"आक्कानं शिकवलंय."

"काय शिकवलंय?"

"हात दाबून बसलं ना, की तोंडातून आवाजच येत न्हाई." आणि मला नीट कळलं की नाही असं वाटून तिनं पुढं सांगितलं, "कितीबी दुखलं तरी येत न्हाई. आक्का तसंच बसली व्हती ना तव्हा. रातच्याला तिचे हात कसे झाले व्हते, म्या बघितलं. तळव्यात नखं रुतली व्हती."

हलीमाताईंनी व्हॅनचं दार लोटून घेतलं. मी खुर्चीपुढं गुडघ्यांवर बसले, तिचे दोन्ही हात ओढून बाहेर काढले आणि माझ्या हातांत धरले. तळव्यांवर रेक्झिनच्या शिवणीचे वळ उठले होते. मी रडत होते. ती माझ्याकडे नवलानं बघत राहिली, मोठी बाई रडते म्हणून.

"सोजर, ऐक. इथं ओरडायचं. मोठ्यांदा ओरडायचं. चावायचं. मागल्या वर्षी चावलीस तसं चावायचं. कळलं?"

"हो," ती म्हणाली.

शहाण्यासारखी मान हलवली. मी डोळे पुसून कार्ड भरायला वळले. सोजर सानप, सील शाबूत. द्वारका सानप, भरणी, तपासणीला गैरहजर. दुसऱ्या मुलीच्या चिठ्ठीवर मेलेल्या मुलीसाठी त्या कार्डात रकाना नव्हता, आणि मी तो केला नाही. तोच प्रबंध पुढे वाखाणला गेला. सरांनी पेढे वाटले.

मी वळून बघितलं तेव्हा पोरगी अजून खुर्चीतच होती, उतर म्हणेपर्यंत थांबलेली. हात पुन्हा मांड्यांखाली गेले होते.